तिसऱ्या वर्षाची फेरी

माझ्या मावशीने आयुष्यात बिअरचा एकच घोट घेतला आहे, आणि तोही थुंकायला जागा मिळाली नाही म्हणून गिळला. तरी बिअर बनवणारे भले भले तिला बिचकून असतात. तिने नाक मुरडलं की ते आणलेला माल परत पाठवतात. त्या लोकांत तिचं नाव ‘नाकवाल्या बाई’. हे तिला ठाऊक आहे, आणि मनातून आवडतंही, पण कबूल करायची नाही.

बिअरला जो कडवटपणा आणि वास असतो तो हॉप नावाच्या वेलीच्या बोंडांमुळे. बोंड म्हणजे अंगठ्याएवढं, हिरव्या पापुद्र्यांचं, वजनाला अगदी हलकं. आत पिवळी चिकट भुकटी असते, सगळी करामत तिची. ही बोंडं फक्त मादी वेलीला येतात. जवळपास नर वेल असली तर त्यांत बिया धरतात आणि मालाची प्रत उतरते, म्हणून मावशीच्या रोपवाटिकेत नर दिसला की उपटला. “या बाईने एकतीस वर्षांत एकच नर जगू दिलाय,” असं काका स्वतःकडे बोट दाखवून सांगतात आणि रविवारचा आपला एक ग्लास भरून घेतात. यात कोणती हॉप आहे ओळखा, असं मावशीने विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असतं: “थंड.”

हॉपच्या जाती शंभरावर आहेत. मावशीच्या रोपवाटिकेत चौदा. कागदावर त्या कॅस्केड, साझ, मॅग्नम वगैरे असल्या तरी मावशीच्या तोंडी त्यांची घरगुती नावं आहेत. कॅस्केड म्हणजे लिंबीण, कारण तिचं बोंड चोळलं की लिंबाच्या सालीचा वास दोनदा हात धुतले तरी जात नाही. मॅग्नम म्हणजे कडू काकू. वासाला सभ्य, कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण थोडीशी पडली तरी पिंपभर बिअर कडू करून ठेवते. साझ म्हणजे नाजुका. ऊन वाढलं की रुसते, बोंडं मोजून मापून देते, आणि तरीही तिच्या त्या मंद, किंचित मिरीसारख्या वासापायी लोक तिचे नखरे सोसतात. कडू काकूला उकळीच्या सुरुवातीलाच टाकायचं आणि लिंबिणीला अगदी शेवटी, नाहीतर तिचा वास वाफेबरोबर उडून जातो. मावशी हे अशा आपुलकीने सांगते की नवख्याला वाटावं, एका घरात नांदणाऱ्या जावाजावांबद्दल बोलणं चाललंय.

पण मावशीचं खरं काम वास घेण्याचं नाही. तिचं काम लेबलं लावायचं. एकोणिसाव्या वर्षी, अक्षर चांगलं आहे म्हणून तिला रोपवाटिकेच्या लेबलांच्या शेडमध्ये नोकरीला घेतलं, आणि पुढे ती शेड तिचीच झाली. हॉपची लागवड मुळाच्या तुकड्यांपासून करतात. करंगळीएवढे मातकट तुकडे. तो लिंबिणीचा की कडू काकूचा, हे नुसतं बघून भल्याभल्यांना सांगता येत नाही, मावशीलाही नाही. कुंडीत कोवळा कोंब आला तरी तीच गत. रोपं नेणारा माणूस नुसत्या लेबलावर विश्वास ठेवून जमीन तयार करतो, उंच खांब रोवतो, दोऱ्या बांधतो, पाणी घालतो, आणि तिसऱ्या वर्षी वेल पुरती भरात आली की त्याला कळतं, आपल्या पदरात काय पडलं. तोवर तीन वर्षं गेलेली असतात.

म्हणून मावशीचे दोन नियम होते. टेबलावर एका वेळी एकच जात. ती संपवायची, टेबल पुसायचं, सुरी धुवायची, मगच दुसरी घ्यायची. दुसरा नियम असा की ज्या रोपाचं लेबल निघालं ते रोप सरळ खताच्या खड्ड्यात, मग ते कितीही टवटवीत असो. “माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं,” ती सांगायची. “अंदाजाने नाव लावायचं नाही.”

आणि एक गोष्ट ती करायची जी तिला कुणीच करायला सांगितलेली नव्हती. दर वर्षी बोंडं भरायच्या दिवसांत, सुट्टी पाहून, डबा बांधून ती बसने निघायची आणि तीन वर्षांपूर्वी जिथे जिथे रोपं गेली होती तिथे जाऊन बोंडं चोळून बघायची. घरात आम्ही याला ‘लेकींच्या सासरी जाणं’ म्हणायचो. तिकीट तिचं, सुट्टी तिची. रोपवाटिकेच्या मालकाने एकदा विचारलं की तक्रार आलेली नसताना जाता कशाला? तर ही म्हणाली, तक्रार आल्यावर जातात त्यांना पोलीस म्हणतात.

आता मधेच माझी भानगड सांगायला हवी. चौतिसाव्या वर्षी माझी छापखान्यातली नोकरी गेली तेव्हा मावशीने शब्द टाकून मला एका हंगामापुरतं शेडमध्ये लावून घेतलं. मला तिचे नियम म्हणजे सोळा आणे नाटक वाटायचं. एका दुपारी ती दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. मला दोन ट्रे बाहेर न्यायचे होते, एक लिंबिणीचा, एक कडू काकूचा, प्रत्येकी चोवीस कुंड्या. जात वेगळी तर खेप वेगळी, हा मावशीचा खाक्या. मी दोन्ही ट्रे एकाच ढकलगाडीवर चढवले. गटाराच्या जाळीत चाक अडकलं, गाडी कलंडली आणि अठ्ठेचाळीस कुंड्या जमिनीवर आल्या. लेबलं बहुतेक सगळीच निघून विखुरली.

खड्डा वीस पावलांवर होता. पण मला नोकरी लागून पंधरा दिवस झाले होते, मावशीच्या जिभेची धार मला लहानपणापासून माहीत होती, आणि कुठलं रोप कुठे पडलं हे आपण साधारण पाहिलंय अशी मी स्वतःची समजूत घातली. दहा मिनिटांत लेबलांसकट सगळं जिथल्या तिथे. दातावर हात ठेवून मावशी परत आली तेव्हा मी झाडू मारत होते. तिने शेड किती स्वच्छ ठेवलीस म्हणून माझं कौतुक केलं.

कडू काकूचा तो ट्रे पुढे बुरशी लागून फेकला गेला. लिंबिणीचा ट्रे तिच्याच आणखी चार ट्रेंबरोबर एका निवृत्त बस ड्रायव्हरकडे गेला. हंगाम संपला, मी एका शाळेच्या कार्यालयात कामाला लागले आणि त्या दुपारच्या प्रकारावर मनातल्या मनात माती लोटली.

तीन वर्षांनी मावशीचे गुडघे कुरकुरायला लागले होते. या खेपेला तू चल सोबत, म्हणाली. कुठे, ते तिने बसमध्ये बसल्यावर सांगितलं. दीड तासाच्या त्या प्रवासात मी खिडकीबाहेर काय पाहिलं असेल ते देव जाणे. मी फक्त एकच गोष्ट मनाशी घोकत होते की माझा अंदाज बरोबर असू दे.

ड्रायव्हरचा मळा उतारावर होता. तीन माणसं एकावर एक उभी राहतील इतक्या उंच दोऱ्यांवर एकशेवीस वेली चढलेल्या. तो माणूस आम्हाला प्रत्येक वेलीची ओळख करून द्यायच्या बेतात होता. पुढच्या आठवड्यात तोडणी होती, त्याच्या आयुष्यातली पहिली. तालुक्याच्या एका लहानशा बिअरवाल्याने लिंबाच्या वासाची ताजी बोंडं हवीत म्हणून त्याच्याकडे शब्द टाकला होता. माल चांगला निघाला तर दर वर्षी नेईन, म्हणाला होता. ड्रायव्हर हे सांगताना दोनदा टोपी काढून पुन्हा घालत होता.

मावशी कामाला लागली. बोंड तोडायचं, दोन तळव्यांत चोळून ऊब आणायची, ओंजळीत नाक घालायचं, पुढे जायचं. ती त्या वेळी कुणाशी बोलत नाही. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीत अर्ध्यावर ती थांबली. तळवे पदराला पुसले. त्याच वेलीचं दुसरं बोंड घेतलं, मग तिसरं. मग तिने ड्रायव्हरला विचारलं की घरात एखादं जुनं लाल कापड आहे का. त्याने एक पडदा आणला. मावशीने त्याच्या चिंध्या केल्या आणि वेलींना बांधत गेली. शेवटी मी मोजल्या. अकरा.

“ड्रायव्हरसाहेब,” मावशी म्हणाली, “या अकरा वेली लिंबाच्या नाहीत, कडू जातीच्या आहेत. लेबलं माझ्या शेडमधली आहेत, तेव्हा चूक माझी. यांची बोंडं वेगळी तोडा, बाकीच्यांत मिसळू नका. पुढच्या वर्षी अकरा रोपं मी स्वतः आणून लावून देईन.”

ड्रायव्हर गोंधळला. एकशेवीसांत अकरा, त्याचं काय एवढं, म्हणाला. कुणाला कळलं असतं?

“बिअरवाल्याला पहिल्या पिंपालाच कळलं असतं. तुम्हाला कळलं नसतं, म्हणून तर मी येते,” मावशी म्हणाली, आणि त्या माणसापुढे हात जोडले. एकतीस वर्षांत जिला कुणापुढे मान खाली घालावी लागली नाही ती माझी मावशी, माझ्या दहा मिनिटांसाठी हात जोडून उभी होती. मी तिच्या मागे उभी होते.

परतीच्या बसला अवकाश होता. थांब्यावरच्या बाकावर मावशीने डबा उघडला आणि तसाच बंद केला. उद्या मालकाला सांगणार, म्हणाली, लेबलांचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या.

“चुकण्याचं एवढं नाही गं,” ती म्हणाली. “चुकले तरी मला कळलं नाही, याची भीती वाटते. हात माझे, आणि मलाच त्यांचा भरवसा राहिला नाही.”

ती दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून त्यांच्याकडे बघत होती. तिच्याकडून ते काम काढून घेतलं तर मागे काय उरतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मग मात्र मला राहवलं नाही. ढकलगाडी, जाळी, दातांचा डॉक्टर, झाडू, सगळं ओकून मोकळी झाले. रडले नाही. रडायचा हक्क माझा नव्हता.

मावशीने हात उलटे करून तळवे पाहिले, मग पुन्हा पालथे केले. “म्हणजे हात शाबूत आहेत,” ती स्वतःशीच म्हणाली. मग माझ्याकडे वळून विचारलं की किती कुंड्या पडल्या होत्या.

“अठ्ठेचाळीस. लिंबिणीच्या चोवीस.”

“त्यातल्या अकरा चुकल्यास, तेरा बरोबर आल्या. नाणं उडवून लावली असतीस तर बारा आल्या असत्या.”

याच्यापेक्षा तिने एक थोबाडीत दिली असती तर परवडली असती. मी खाली मान घालून बसले. आता संपलं असं वाटत होतं, तोच ती म्हणाली, “ड्रायव्हरसाहेबांना मी सांगून आलेय की चूक माझी. ते लेबल चुकीचं लागलंय. जा, बदलून ये.”

बस चुकेल, मी म्हटलं. दुसरी येईल, ती म्हणाली.

चढ दहा मिनिटांचा होता. ड्रायव्हर शिडीवर होता. मी खालून सांगायला सुरुवात केली तसा तो उतरला आणि शिडीला हात धरून सगळं ऐकून घेतलं. नंतर म्हणाला, गाडी घासली की गुपचूप डेपोत लावून घरी जाणारे त्याने पुष्कळ बघितले होते, आणि एकदा तो स्वतःही तसाच गेला होता.

“अकरा रोपं लावायला बाईंना नका आणू,” तो म्हणाला. “त्यांचे गुडघे दुखतात. तुम्ही या.”

येईन म्हणाले. उतरताना आमची बस माझ्यासमोरून धूळ उडवत निघून गेली. मावशी त्यात चढली असेल असं मला क्षणभर वाटलं, आणि चढली असती तरी माझी तक्रार नव्हती. पण ती बाकावरच होती, डबा मांडीवर, अर्धी पोळी माझ्यासाठी ठेवलेली.

“सांगितलंस?”

“सांगितलं.”

तिने न धुतलेले, पिवळे पडलेले दोन्ही तळवे माझ्या नाकासमोर धरले. “सांग, कोणती?”

मी डोळे मिटून वास घेतला. लिंबाची साल होती. तिच्याखाली काहीतरी जड, कडसर होतं. त्यावर पदर, डब्यातली भाजी आणि रस्त्याची धूळ. सकाळपासून एकशेवीस वेली त्या हातांतून गेल्या होत्या. लिंबीण, असं अगदी जिभेच्या टोकावर आलं. तेच उत्तर असण्याची शक्यता जास्त होती, आणि तिला खूश करावं असं त्या दिवशी मला फार वाटत होतं.

“माहीत नाही,” मी म्हटलं.

“बरोबर,” मावशी म्हणाली, आणि सरकून मला बाकावर जागा करून दिली.