भिंगावरचा बेदाणा

मुहाय्योच्या हातात फडकं नाही असा दिवस आमच्या महल्ल्यानं पाहिलेला नव्हता. बाई द्राक्षसुद्धा पुसून खाते. तिच्या घरी चहाला गेलात तर पेली तुमच्यासमोर विसळणार, उजेडात धरणार, वर फुंकर मारणार आणि मग त्यात घोटभर चहा ओतणार. पुतण्याच्या लग्नात तर तिनं कमालच केली. नवऱ्या मुलाच्या नाकावरचा चष्मा भर पाहुण्यांत काढून घेतला आणि ओढणीच्या टोकानं पुसायला लागली. तेवढ्या वेळात तो बिचारा नवरी समजून सासूकडे बघून गोड हसत राहिला. सासूबाई अजून लाजतात, आणि आम्ही ती गोष्ट अजून सांगतो.

अशा बाईला कामही तसंच मिळालं. समरकंदच्या एका नेत्रसंशोधन संस्थेत ती डोळ्याच्या आतले फोटो काढते. माणसानं यंत्रावर हनुवटी टेकवायची, आतल्या हिरव्या ठिपक्याकडे बघायचं, लखकन उजेड पडतो आणि डोळ्याच्या मागचा पडदा समोर दिसतो. तांबूस, त्यावर शिरांच्या फांद्या. आमच्या महल्ल्यातला जवळजवळ प्रत्येक डोळा तिनं असा आतून पाहिलाय. त्यामुळे तिच्याशी भांडताना लोक जरा जपूनच भांडतात.

संस्थेचे प्रमुख इसोमिद्दीन दोमला. दोमला म्हणजे गुरुजी, प्राध्यापक, चहाची पहिली पेली ज्याच्यापुढे ठेवायची तो माणूस. गालावर तीळ असतो तसा काहींच्या डोळ्यात पडद्यामागेही असतो. रंग तयार करणाऱ्या पेशी एका जागी जमतात, त्याचा तीळ होतो. बहुतेक तीळ जन्मभर गप्प बसतात. एखादा मात्र उठतो, वाढतो, आधी डोळा नेतो आणि मग माणूस. गप्प बसणारा कोणता आणि उठणारा कोणता हे आधीच ओळखता येईल का, यात दोमलांचे केस पांढरे झाले. ते काचेच्या बशीत त्या पेशी वाढवायचे, त्यांना चमकणारा रंग पाजायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या हालचालीचे फोटो घ्यायचे. शेजारच्या पडद्यावर मुहाय्योनं काढलेले माणसांच्या डोळ्यांचे फोटो. दोन्ही बघून एकच प्रश्न विचारायचे, "वाढतोय का? बाकीचं नंतर. आधी सांगा, वाढतोय का?"

आता यंत्र रोज सकाळी तपासून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी कुणाचा तरी डोळा लागतो. हा मान मुहाय्योचा. आल्या आल्या ती स्वतः हनुवटी टेकवायची, उजव्या डोळ्याचा एक फोटो काढायची, शिरा रेखीव दिसतात का तेवढं बघायची आणि तो फोटो पुसून टाकायची. रोग्यांच्या फोटोंत तो मिसळू नये म्हणून दोमलांनीच तसा नियम केलेला. उजेड डोळ्यात खुपतो म्हणून दुसरा फोटो कधी नाही.

या फोटोत गेल्या वसंतापासून एक काळसर डाग दिसायला लागला. मुहाय्योला डागाचं कारण शोधावं लागलं नाही. ते रोज सकाळी बादली घेऊन जिन्यातून वर यायचं. सबोहत ओपा.

सबोहत ओपा, म्हणजे आपली सबोहतताई, संस्थेत झाडलोट करते. बाई हाडानं मोठी आणि आवाजानं त्याहून. फरशी पुसून झाली की लोखंडी पळीत निखारे घेऊन त्यावर इसिरीकची वाळकी बोंडं टाकायची आणि प्रत्येक खोलीत धूर फिरवायची. कुणाची नजर लागू नये, सर्दीतापाचे जंतू मरावेत, दोन्ही कामं एका धुरात. आमच्याकडे दुकानात, बाळाच्या पाळण्यापाशी, बाजारात, सगळीकडे हा धूर असतो. पण मुहाय्योच्या यंत्रापाशी?

"ओपा, भिंगावर काजळी बसते तुमच्या धुरानं!"

"इतकी माणसं तुझ्या त्या यंत्रात डोळे घालतात. त्या सगळ्यांची नजर कुठं जाते, सांग बरं? त्याला तर दुप्पट धूर पाहिजे."

मुहाय्यो दात ओठ खात भिंग पुसायची. मग पहिला रोगी यायचा, त्याचा फोटो स्वच्छ निघायचा, आणि तिची खात्री व्हायची. पुसलं की जातंय, म्हणजे काजळीच. दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग, पुन्हा ओपावर तोफ. तिची नजर रोज त्याच हिरव्या ठिपक्यावर, म्हणून डागही रोज त्याच जागी, अगदी भिंगावरच्या धुळीसारखा. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यात तो असता तर तिनं खुर्चीतून न उठता दोमलांना हाक मारली असती. पण स्वतःचा डोळा ती बघत नव्हती. ती यंत्र बघत होती.

शेवटी शरदात तिनं दोमलांकडे तक्रार केली. दोमलांनी हुकूम काढला की वरच्या मजल्यावर इसिरीक बंद, आणि सबोहत ओपाची बदली तळमजल्यावर. ओपानं सगळ्यांदेखत पळी पिशवीत घातली.

"जाते बाई. पण लक्षात ठेव, डागाला माझं नाव दिलंस."

दुसऱ्या दिवशी मुहाय्यो खुशीत आली. खोलीला कुलूप तिनंच लावलं होतं, किल्ली तिच्याच पर्समध्ये. भिंग आदल्या संध्याकाळी लखलखीत केलेलं. हनुवटी टेकवली, लखकन उजेड पडला, पडद्यावर फोटो आला.

डाग होता.

तिचा पहिला विचार काय असावा? ती तडक जिना उतरली.

"ओपा! किल्ली कुठून आणलीत?"

सबोहत ओपा ओणवी होऊन फरशी पुसत होती. "कसली किल्ली?"

"चोरून धूर केलात ना वर?"

ओपा उठली, कमरेवर हात ठेवून. "हुंग. माझे कपडे हुंग, केस हुंग. पळी घरी आहे, नातीनं तिच्यात चिमणीला दाणे ठेवलेत. आणखी कुठं हुंगायचंय ते पण सांग!"

मुहाय्योनं खरंच वास घेतला. साबणाचा वास होता. इसिरीकचा अजिबात नव्हता.

ती वर गेली. भिंग पुसलं. नव्या फडक्यानं पुन्हा पुसलं. मग आयुष्यात पहिल्यांदा तिनं दुसरा फोटो काढला. डाग तिथंच होता, गुळगुळीत कडांचा, बेदाण्यासारखा. तिनं नजर हिरव्या ठिपक्यावरून थोडी बाजूला नेली आणि तिसरा काढला. डागही बाजूला सरकला. भिंगावरची काजळी नजरेबरोबर सरकत नाही. हे ती नव्या मुलींना शिकवते.

तरी तिचं मन ऐकेना. ती पुन्हा खाली धावली आणि ओपाचा ओला हात धरून तिला ओढत वर घेऊन आली.

"अगं सोड! फटके देणारेस का आता?"

"बसा. हनुवटी इथं. हिरवा ठिपका दिसतो? हलू नका."

"या वयात फोटो कशाला माझा? तो पण डोळ्याच्या आतून? बाहेरून काय वाईट दिसते?"

उजेड पडला. ओपाचा डोळा पडद्यावर आला, तांबूस, स्वच्छ, एक ठिपका नाही.

मुहाय्योच्या हातातलं फडकं खाली पडलं. तिनं ते उचललं नाही. ओपानं आधी फडक्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि तिचा मोठा आवाज पहिल्यांदाच लहान झाला.

"माझ्यात काय निघालं, बाई? बोल ना. माझा डोळा गेलाय का?"

"तुमचा नाही, ओपा."

मुहाय्यो शेजारच्या स्टुलावर बसली. समोरच्या भिंतीवर तिनंच चिकटवलेलं चित्र होतं, गप्प तीळ कसा दिसतो आणि उठलेला तीळ कसा दिसतो. रोज ती त्याची काच पुसायची.

ओपानं दोमलांना बोलावून आणलं. पडद्यावर डागाचा फोटो परत आला होता; दोमलांनी तो पाहिला आणि सवयीनं तोंड उघडलं, "कुणाचा हा? वाढतोय का?" मग स्टुलावर कोण बसलंय ते त्यांना दिसलं. चष्मा काढून ते उगाचच त्याच्याकडे बघत राहिले. तो पुसायला मुहाय्योनं हात पुढे केला नाही, तेव्हा त्यांना खरं काय ते कळलं.

"मुहाय्योखोन, जुने फोटो?"

"पुसले, दोमला. रोज पुसले."

"नियम माझाच," दोमला म्हणाले आणि भिंतीला टेकले. "पण आठवत असेल ना? आधी केवढा होता? जुना गप्प तीळ असेल तर नुसतं लक्ष ठेवू. वाढत असेल तर एक दिवसही थांबायचं नाही. वाढलाय का?"

तिनं डोळे मिटले. काहीच आठवेना. "मी पुसत होते. बघत कुठं होते?"

दाराशी सबोहत ओपा उभी होती. तिला निघून जाता आलं असतं. आदल्या दिवशीचा अपमान अजून ताजा होता, आणि खाली अर्धी फरशी ओलीच होती.

"मी सांगते," ती म्हणाली.

दोघांनी मान वळवली.

"वसंतात, नवरोजच्या सणाला मी सुमलकाचा डबा घेऊन आले. गव्हाच्या अंकुरांचं, रात्रभर ढवळलेलं सुमलक! डब्याला हात लावायच्या आधी ही म्हणाली, 'ओपा, भिंगावर जिरं सांडलंत का?' जिरं. मी घरी जाऊन रडले. मग खरबुजं आली तेव्हा, डोळे दाखवायला आलेल्या माझ्या सुनेच्या बहिणीसमोर मला म्हणाली, 'आज मूग ठेवलात वाटतं भिंगावर.' मूग. आणि आता डाळिंबांच्या दिवसांत, तुमच्यासमोर, दोमला, तुमच्या टेबलापाशी. काय म्हणाली होती?"

दोमलांचे ओठ हलले. "बेदाणा."

"बेदाणा," ओपा म्हणाली. "आम्हाला लिहिता वाचता बेताचं येतं, पण कुणी घालून पाडून बोललं की ते इथं बसतं." तिनं छातीवर हात ठेवला.

जिरं, मूग, बेदाणा. मुहाय्यो ओपाकडे बघत राहिली. रोज सकाळी आपण काय ओरडत होतो ते तिला आत्ता पहिल्यांदा ऐकू येत होतं. मग ती हुंदका देऊन ओपाच्या ओल्या एप्रनला बिलगली, आणि ओपानं सगळा राग बादलीत टाकल्यासारखा तिला मिठीत घेतलं. "रड, पोरी. साबणाचाच वास येतोय, रड."

दोमलांनी तिथूनच ताश्कंदला फोन लावला. त्याच आठवड्यात तिथं तिच्या डोळ्याच्या मागच्या बाजूला किरणं सोडणारी एक छोटी चकती शिवली, काही दिवस ठेवली आणि काढली. तीळ थांबला. तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं, आणखी एक हिवाळा गेला असता तर डोळा वाचवण्याचं बोलणंही झालं नसतं. डोळा राहिला. पण उजवीकडून आता सगळं धुकं पडल्यासारखं दिसतं, आणि तीळ पुन्हा उठतो का हे बघायला तिला दर काही महिन्यांनी त्याच यंत्रापुढे हनुवटी टेकवावी लागते.

महल्ला हादरला. आमच्या सगळ्यांचे डोळे बघणाऱ्या बाईचा डोळा कुणीच बघितला नव्हता. ती घरी आली तेव्हा आम्ही गरम नान, चरबीचे सोमसे, नवात खडीसाखर घेऊन गेलो. तिनं चहा दिला, पण पेली विसळली नाही, उजेडात धरली नाही. खाण्याचं मांडलेल्या दस्तरखानावर धूळ दिसत होती. गुलचेहरा शेजारणीनं मुद्दाम द्राक्षांचा घड पुढे केला. मुहाय्योनं एक तोडलं आणि तसंच खाल्लं. त्या दिवशी कुणाला चष्म्याची गोष्ट सांगावीशी वाटली नाही.

नवरोजच्या तोंडावर ती कामावर परत गेली. नियम बदलले होते. सकाळचा फोटो आता ठेवायचा, आणि ज्याचा डोळा त्यानं तो बघायचा नाही, दुसऱ्यानं बघायचा. सबोहत ओपाची बदली रद्द झाली. इसिरीक मात्र दाराबाहेरच, असा तह झाला.

पहिल्याच सकाळी ओपा डोक्याला नवा रुमाल बांधून खुर्चीत येऊन बसली.

"आजपासून यंत्राला माझा डोळा. तुझा पुरे झाला. आणि डाग दिसला तर आधी मला सांगायचं, नावं नंतर ठेवायची."

"हनुवटी खाली, ओपा. आणि बोलू नका, हलतं."

उजेड पडला. मुहाय्यो डाव्या डोळ्यानं पडद्याजवळ वाकली. फोटोच्या कडेला काळी सावली होती.

"काय गं? गप्प का झालीस? जिरं की मूग?"

"पापणी असेल. मिचकावलीत बहुतेक."

"असेल म्हणजे?"

मुहाय्योचा हात सवयीनं खिशातल्या फडक्याकडे गेला. तो तिथंच थांबला.

"पुन्हा बसा, ओपा," ती म्हणाली. "दुसरा काढते."