अण्णांच्या तांदळाची बाटली

सुशांतचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो, म्हणून कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. शेवटी उचलला तर तो एवढंच म्हणाला, "काका, अण्णा गेले..." सकाळी गच्चीवर पाण्याची टाकी बघायला चढले, कठड्याला टेकून बसले, ते बसलेच. अशा वेळी माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे यावा. मला माझ्या फ्रिजच्या दारातली बाटली आठवली. याची लाज वाटते, म्हणून इतके दिवस कुणाशी बोललो नाही.

बाळूअण्णा, सुशांतचे वडील, जांब्यातले माझे घरमालक. हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा त्यांच्या चाळवजा इमारतीत खोली घेतली होती. पुढे मी पलीकडच्या सोसायटीत फ्लॅट घेतला, तरी शनिवारची संध्याकाळ आमचीच राहिली. खोल्यांवर त्यांचं पोट चालायचं, जीव मात्र मुळशीत, धरणाच्या अलीकडे असलेल्या आंबेमोहोराच्या खाचरांत. मला ते कायम 'इंजिनेर' म्हणत, आणि त्यात कौतुक कमी, टोमणा जास्त. बिअर त्यांना मीच पाजली पहिल्यांदा. घरी वहिनींना बाटली चालत नसे, त्यामुळे बैठक माझ्या गच्चीवर. ग्लास भरला की त्यावर तळहात ठेवायचा, थोडं थांबायचं, मग हात उचलून नाक घालायचं, ही त्यांची रीत. वर हुकूम, "तू बी हुंग. निस्ता ढोसू नको, म्हशीवानी."

मुळशीच्या वाटेवरच्या एका छोट्या ब्रुअरीनं बिअरसाठी त्यांचा आंबेमोहोर तांदूळ घेतला, तेव्हा अण्णा गावभर सांगत सुटले होते. त्याच उन्हाळ्यात भावांच्या हट्टापायी ती खाचरं एका रिसॉर्टवाल्याला गेली. म्हणजे तो तांदूळ शेवटचा. ऑक्टोबरात ब्रुअरीनं बिअरचा उत्सव ठेवला. मी सुट्टीचा शनिवार बघून दोन तिकिटं काढली आणि मोठ्या ऐटीत त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी कपाळावर हात मारला. "आरं इंजिनेर, घट असत्यात की त्या दिशी! कलेंडरात निस्तं शनवारच बघतोस व्हय?"

तरी आले. नवरात्रात ते अनवाणी असत, तसेच आले. टाक्या दाखवणारी प्राची नावाची मुलगी दारातच अडली. "सर, आत बूट कंपल्सरी आहेत."

"देवीचं हाय बाई, पायात काय घालत न्हाई."

"सर, फरशी ओली असते, पाय घसरेल."

"चिखलात भात लावणारा माणूस तुझ्या फरशीवर घसरंल व्हय?"

ती हसली, आणि डोक्यावर घालायच्या प्लॅस्टिकच्या टोप्या तिनं त्यांच्या पायांत चढवल्या. तसेच फसक-फसक करत अण्णा त्या चकचकीत टाक्यांमधून फिरले. बाहेर हिरवळीवर गाणी, दिवे, फेसाळते पेले हातात घेतलेली पोरं. "आमच्या जत्रंपरीस गर्दी हाय," ते म्हणाले, "देव तेवढा कुटं दिसंना." प्राचीनं त्यांच्या तांदळाचा पहिला पेला त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वर तळहात ठेवला, थांबले, हुंगलं... आणि पेला मला दिला. "तू पी. मी दसऱ्याला." मी प्यालो. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी नुसतं "मस्त आहे" म्हणालो. प्राचीनं त्यांच्यासाठी एक बाटली बांधून दिली. उत्सवापुरत्याच भरल्या होत्या, थोड्या, बिनलेबलाच्या. दसऱ्याला घट उठले की संध्याकाळी माझ्या गच्चीवर फोडायची असं ठरलं, आणि ती माझ्या फ्रिजमध्ये आली.

आता मुद्द्याचं. दसऱ्याच्या आधी माझा साहेब अचानक घरी आला. घरात दुसरं काही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, असतं तरी मी तीच काढली असती. 'मुळशीच्या आंबेमोहोराची आहे सर, बाजारात मिळत नाही,' हे वाक्य मला बोलायचं होतं. साहेबानं अर्धा ग्लास तसाच ठेवला. गोड लागते म्हणाला. मी तो मोरीत ओतला.

दुसऱ्या दिवशी ब्रुअरीत धावलो. ती बिअर संपली होती. त्यांचीच साधी गव्हाची बाटली आणली, लेबल पाण्यात भिजवून काढलं. दसऱ्याला अण्णा सोनं घेऊन आले, माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली. मी ग्लास भरला. त्यांनी वर तळहात ठेवला. त्या दिवशी जरा जास्तच थांबले. हुंगलं, माझ्याकडे बघितलं, गालात हसले. "बरी हाय की," म्हणाले, आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. फसले, असं मी समजलो. वर्षभर तेच समजत आलो.

दशक्रियेला नदीच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. भाऊ म्हणाले, "सुशांतचं लग्न थाटात करू." कावळा झाडावरच. तंबाखूची पुडी ठेवली, पेढा ठेवला. मग वहिनी माझ्याकडे वळल्या. ज्या बाईनं उंबऱ्याच्या आत बाटली येऊ दिली नाही, ती सगळ्यांसमोर म्हणाली, "भावजी, यांच्या तांदळाची ती बाटली आणा. तुमी जपून ठिवलीया न्हवं?"

मी खिशात गाडीची किल्ली चाचपली.

"हे म्हनायचे, इंजिनेरानं दसऱ्याला दुसरीच पाजली, मला काय कळत न्हाई व्हय. खरी त्यानं सुशांतच्या लग्नाला राखून ठिवलीया. पन त्याला बोलू नगंस, त्याचा हिरमोड हुईल."

"आणतो," म्हणालो आणि गाडीकडे निघालो. कुठे जाणार होतो, कोण जाणे. रस्त्याला लागतो तोच सुशांतचा फोन. "काका, शिवला! आई म्हणाली, काका आणायला गेलेत, तेवढ्यात शिवला. परत या, आता नका आणू." आणि मागून वहिनींचा आवाज, "लग्नात काढू म्हनावं!"

माझ्या शब्दावर शिवला. त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही. ऑफिसात उठतो, गच्चीवर जातो, खाली येतो, फ्रिज उघडतो, बंद करतो. लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे. सुशांत दोनदा भेटला, दोन्ही वेळा जीभ उचलली नाही. तोंडानं जमत नाही म्हणून इथे लिहितो आहे. वहिनी पेपरची ही पुरवणी वाचतात, मला माहीत आहे. वहिनी, बाटलीत काही नाही. मी ती साहेबाला पाजली, उरलेली ओतली.

रिकामी मात्र टाकवली नाही. फ्रिजच्या दारात तशीच उभी आहे, लिंबांच्या शेजारी. काल ती काढली, तोंडावर तळहात ठेवला, थांबलो, हात उचलून नाक लावलं. लिंबाचा वास आला, आणि फ्रिजचा. मोहोराचा नाही. तरी दारापुढे उभा राहून पुन्हा झाकली, पुन्हा हुंगली... लग्नाच्या आधी एका संध्याकाळी ती घेऊन तुमच्या दारात येतो. उंबऱ्याच्या आत घ्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा.