यान्जमाचा पहिला जाळ

यान्जमाची उभी हयात शहराच्या बॉयलरघरात गेली. कोळशाचे ढीगच्या ढीग तिने भट्टीत लोटले, थंडीच्या कडाक्यात अख्खं गाव उबदार ठेवलं. पण स्वतः राहायची चौथ्या मजल्यावर, जिथे कधी काडी पेटवायचीही गरज पडली नाही. लग्न राहूनच गेलं होतं. मग मांस विकायला येणारा दाम्दिन, बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, बॉयलरघराच्या भिंतीच्या उबेला बसू लागला. दोघांचा चहा एकत्र होऊ लागला. आणि पेन्शन सुरू झाली तशी बाई थेट उत्तरेच्या जंगलाकाठी, लोकरीच्या जाड नमद्याच्या गोल तंबूत, केसांत रुपेरी बटा घेऊन दाम्दिनची नवरी म्हणून उभी राहिली!

नव्या घरातला पहिला जाळ नवरीने पेटवायचा, पहिला चहाही तिनेच करायचा. पाहुणे दाटीवाटीने बसले होते. मधोमध नवी लोखंडी चूल, तिचं धुराडं छतातून थेट बाहेर. यान्जमाच्या छातीत नुसते घोडे उधळले होते. तिने रेशमी अंगरख्याच्या लांब बाह्या कोपरापर्यंत सारल्या.

"अगं, शुभकार्याला बाह्या खाली हव्यात," दाम्दिनची थोरली बहीण पागमा म्हणाली.

"जाळाजवळ लोंबत्या बाह्या नकोत, वन्सं. पहिल्याच दिवशी नवरी भाजेल."

"भाजली तर भाजली, चहा तरी मिळेल!" पागमाने म्हटलं आणि सगळे खो खो हसले.

यान्जमाने भूर्जाची साल, वर बारीक ढलप्या रचल्या आणि काडी ओढली. साल भुर्रकन पेटली, पण धूर वर जाईना. चुलीच्या तोंडातून भसाभस घरातच आला. म्हातारे खोकू लागले, पोरं बाहेर पळाली.

"गाव शेकवणारी बाई!" पागमा डोळे पुसत म्हणाली. "आम्हाला धुरी देतेय!"

यान्जमाने दार सताड उघडलं. धुराडं गारठलेलं आहे, हे तिच्या ध्यानात आलं. ते तापल्याशिवाय धूर ओढणार नाही! तिने सालीची मोठी गुंडाळी पेटवून चुलीच्या आत, धुराड्याच्या अगदी खालच्या तोंडाशी धरली. क्षणभर काहीच नाही. आणि मग आतून एकदम घुर्रर्र झालं, ज्वाळा सरसर वर खेचल्या गेल्या!

"लागला! लागला!" ती ओरडली. बाहेरची पोरं नाचत आत आली. आनंदाच्या भरात तिचा हात सैल सुटला. बॉयलरघरातल्या सवयीने तिने लाकडं कोंबली, एकावर एक, चूल गच्च भरेपर्यंत.

धुराडं गुलाबी झालं, मग लालभडक. छताच्या भोकाशी नमदा करपल्याचा वास सुटला.

दाम्दिनने पाण्याची बादली उचलली.

"चुलीवर नको! लोखंड तडकेल!" यान्जमाने आत जाणारी हवा तोडायला खालची राखेची झडप खाडकन लावली. "बाहेर जा, छतावरचं झाकण दोरीने मागे ओढा! नमदा धुराड्यापासून लांब करा!"

दाम्दिन बादलीसकट धावला. दोरी खेचली गेली, वरून आकाश दिसलं. नमद्याचा कोपरा धुमसत होता; तेवढ्यावर त्याने बादली मारली.

"धुराड्याची झडपही बंद कर की!" पागमा किंचाळली.

"पूर्ण नाही, वन्सं! धूर आतच कोंडला तर सगळे जागच्या जागी आडवे होऊ."

ती चुलीपुढे हात आडवे पसरून उभी राहिली; कुणालाही आणखी लाकूड टाकू देईना. हळूहळू लाली उतरली, घुरघुर मंदावली. नमद्याला तळहाताएवढा काळा डाग पडला होता, बाकी काही नाही. आणि ती हसत होती, खदखदून!

"माझीच चूक," ती म्हणाली. "ही चूल आहे, बॉयलर नव्हे. दोन लाकडं पुरेत."

मग तिकडच्या रिवाजाप्रमाणे कढईत दूध, चहा, मीठ पडलं. पहिली पळी तिने अग्नीला वाहिली, दुसरी आभाळाकडे उडवली. पागमाने वाटी ओठांना लावली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. आणि वाटी पुन्हा पुढे केली. "भर काठोकाठ. आणि दाम्दिन, तू बघत काय बसलास? गाणं सुरू कर, घर तापलंय!"