सबिहाचे कोरे हात

माझी नात आकांक्षा आणि शेजारच्या सिराजोद्दीन टेलरची सबिहा, दोघी एकाच कोनातली मेंदी. कुंभार पिंपळगावात लग्न निघालं की नवरीचा एक हात ही भरायची, दुसरा ती. कोणता कुणी भरलाय, हे सासूलाही ओळखू यायचं नाही.

मग दोघींनी आपापल्या रीली टाकायला सुरुवात केली. सबिहाची एक रील लाखभर लोकांनी पाहिली, आमच्या पोरीची पाचशेनं. झालं! आकांक्षा कोन सोडून सबिहाचेच आकडे बघत बसायची. ताटात भाकरी वाळायची. बदनापूरच्या टेशनात रेल्वेपुढं बसलेल्या म्हशीची माझी गोष्ट निम्म्यात तोडणारी ती पहिलीच. खरं सांगतो, मलाही तो मोबाइल सवतीसारखा सलायला लागला.

"त्या पोरीवर एवढी जळतीस कशाला गं?"

"हिंदीत जळण्याला जलना म्हणतात, आबा. आपल्या जिल्ह्याच्या नावातच हाय ते!"

मी पोट धरून हसलो. ती नाही हसली.

परवा दुपारी सबिहा आली. डोळे खोल गेलेले आणि मेंदीवालीचे हात कोरे! ओसरीवर बसून तिनं दोन्ही पुढं केले.

"भर. कोपरापर्यंत."

"लाखभर लोक हायत की तुझे. त्यांना सांग."

"त्यांच्यामुळंच आले. हात भरले की मोबाइल धरता येत न्हाई. रोज नवी रील मागतात. दोन दिवस टाकली न्हाई तर लिहितात, 'मर गई क्या?' झोप न्हाई गं. मी तर तुझ्यावर जळते. तुला कुणी रील मागत न्हाई."

आकांक्षाला हे टोचलं, पण तिनं कोन घेतला. शेजारी सबिहाचा मोबाइल सारखा घुरघुरत होता.

"बघू?"

"बघ. आन् सगळं पुसूनच टाक," सबिहा पेंगत पुटपुटली. एक हात भरून होईस्तोवर खांबाला टेकून ती गाढ झोपली.

आकांक्षानं मोबाइल उचलला. ते लाखभर लोक आता तिच्या अंगठ्याखाली होते.

"आबा, पुसू? तिनंच सांगितलंय."

मी चष्मा काढून धोतराला पुसायला लागलो.

तिनं झोपलेल्या सबिहाकडं बघितलं. मग म्हणाली, "झोपेत बोलली ती. उठल्यावर रडंल." तिनं मोबाइल बंद करून ज्वारीच्या डब्यात टाकला आणि सबिहाचा दुसरा हात मांडीवर घेतला. मोराची मान काढता काढता हळूच म्हणाली, "आबा, त्या म्हशीचं पुढं काय झालं?"

मी मांडी ठोकून बसलो. गार्ड शिट्टी फुंकतोय, म्हैस रवंथ करतेय, एवढ्यात सबिहानं डोळे न उघडताच तोंड वाकडं केलं.

"माझ्याबिगर ऐकून राह्यली का गं? आबा, बिलकुल पहिल्यापासून सांगा."