मॅडम सांगेपर्यंत

जानेवारीतला तिसरा शनिवार, दुपारचे दोन. स्थळ: उल्हासनगरमधलं आमचं उपचार केंद्र, पहिला मजला. हजर: मी, म्हणजे नोंदवही सांभाळणारी साळवी, जया, अडलेले हात पुन्हा रोजच्या कामाला लावणारी आमची तरुण व्यवसायोपचार तज्ज्ञ, आणि अंबरनाथ पश्चिमेहून आलेल्या गमरे मॅडमच्या धाकट्या बहीण. काम: मॅडमचं, म्हणजे जयाच्या वरिष्ठांचं, कपाट रिकामं करणं. मॅडमना जाऊन सहा आठवडे झाले होते.

खालच्या खणात कानस निघाली. बहीण म्हणाल्या, "ही बाबांची. कारखान्यातून रिटायर झाले तेव्हा ताईनं मागून घेतली होती."

ती कानस मी रोज बघितलेली. लकवा झालेल्या माणसाचा हात आखडू नये म्हणून मॅडम त्याला प्लास्टिकची पट्टी करून द्यायच्या. प्लास्टिक तापवून मऊ करायचं, मनगटाच्या मापाला वळवायचं, कापायचं, कडा कानशीनं घासायच्या. मग ती कड स्वतःच्या गालावरून फिरवायची. जरा टोचली की पुन्हा घासायला बसायच्या. "त्यांच्या हाताला कळत नाही, साळवीबाई. माझ्या गालाला कळतं," म्हणायच्या. कर्जतपासून लोक यायचे ते 'गमरे मॅडमची पट्टी' मागत.

बुधवारी डबे खाऊन झाले की जया एखादा नवा संशोधन लेख वाचायची आणि मॅडम ऐकायच्या. शेवटी प्रश्न ठरलेला: "बरं, मग उद्या सकाळपासून काय बदलायचं?" एकदा त्यातूनच बोटांच्या व्यायामाच्या लाकडी खुंट्या बाजूला गेल्या आणि पेशंटच्या हातात त्यांच्याच घरचे डबे, शर्ट, कुलपं आली. उत्तर नसलेला लेख मॅडमना आवडत नसे.

एका बुधवारी जयानं पट्टीवरचेच लेख आणले. लकव्यानंतर पट्टी बांधलेल्या आणि न बांधलेल्या हातांत सांगण्यासारखा फरक निघाला नव्हता. वाचता वाचता जयाचा आवाज बारीक होत गेला. मॅडमनी कागद घरी नेले. आठवडाभर कानस कपाटातून निघाली नाही. पुढच्या बुधवारी त्याच म्हणाल्या, "सगळे वाचले. जुनेही शोधले. माझ्या बाजूचं काही सापडतंय का बघत होते." आणि हसल्या. "उद्या सकाळपासून लकव्याला पट्टी बंद. मशीनमध्ये गेलेल्या बोटांना चालू. ते वेगळं दुखणं आहे."

बोलायला सोपं होतं. चारच दिवसांनी एका पापडवाल्यांची बायको नवऱ्याला घेऊन आली. "मॅडम, पट्टी तो दो ना. आपकी पट्टी से हमारे पडोसी का हाथ ठीक हो गया."

"भाभी, हाथ उसने खुद ठीक किया. मेरी पट्टी तो सिर्फ साथ में बैठी थी."

मॅडमनी तिला दाखवलं, नवऱ्यानं लकव्याच्या डाव्या हातानं पापडाचं पाकीट कसं धरायचं आणि उजव्यानं कसं भरायचं, दिवसातून किती वेळा. बाईचा चेहरा उतरला. "इतनी दूर से पापड पकडने आए क्या?" म्हणाली आणि नवऱ्याला घेऊन गेली. दुसरीकडून पट्टी घेतल्याचं नंतर कळलं. त्या दुपारी मॅडमनी डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "वही काढा. नव्यांना देत नाही, ठीक आहे. ज्यांना देऊन बसले त्यांना कोण सांगणार? पट्टी बांधली की घरच्यांना वाटतं, हाताचं काम झालं. मग हात तसाच पडून राहतो."

वहीत लकव्याच्या पट्ट्यांची सदतीस नावं होती. रोज डबा खाऊन झाला की दोन फोन. मी नंबर लावायचा, त्या बोलायच्या: "मी गमरे. मी दिलेली पट्टी काढून ठेवा आणि एकदा हात दाखवायला या. चूक माझी, तुमची नाही." बदलापूरच्या एक काकू म्हणाल्या, "अहो, आमचे हे तर तिच्यात मोबाईल उभा करून भजनं बघतात!" मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "चला, एकाला तरी उपयोग झाला." पण एका आजींनी तीन वर्षं रोज रात्री न चुकता पट्टी बांधली होती. तो फोन ठेवून मॅडमनी वहीत त्या नावावर स्वतः खूण केली. मग म्हणाल्या, "कड टोचत नव्हती ना, म्हणून बांधली त्यांनी."

छत्तीस नावांवर खुणा झाल्या. सदतिसावं नाव चामटोलीचे काशिनाथ भोईर. फोन कायम बंद. "तुम्ही बदलापूरच्याच, एकदा जाऊन या," मॅडम म्हणाल्या. मी माझ्या रोजच्या कामांच्या यादीत लिहिलं. मग मॅडमचं आजारपण निघालं, त्यांच्या तपासण्यांची यादी माझ्याकडे आली आणि भोईरांचं काम मागे पडलं. शेवटच्या भेटीत त्यांनी तब्येतीचं काहीच सांगितलं नाही. विचारलं, "भोईर भेटले?" मी म्हटलं, "या शनिवारी जाते." त्या शनिवारी मी त्यांच्याच अंत्ययात्रेत होते.

बहीण कानस घेऊन गेल्या. वही मी ठेवून घेतली. माझ्या घरापासून चामटोली रिक्षानं वीस मिनिटं, तेव्हा लांब पडतं असं मला म्हणता येत नाही. खरं कारण त्या नावासमोर माझ्याच अक्षरात आहे. पट्टी न्यायला आले तेव्हा भोईरांनी विचारलं होतं, "ताई, कवापर्यंत बांधायची?" समोर रांग होती. मी मान वर न करता सांगितलं आणि सवयीनं लिहूनही ठेवलं: 'मॅडम सांगेपर्यंत.'

आजच्या यादीत पाच कामं होती, पाचवं चामटोली. चार झाली.