मशीन घरात असताना

मुलांनो, तुमच्या शाळेत घरातल्या एका चांगल्या सवयीबद्दल लिहायला सांगितलं होतं आणि तुम्ही 'आमच्या घरी सदका देतात' असं लिहिलंत. तुमच्या आईने फोनवर वाचून दाखवलं. चांगलं लिहिलंय. पण त्यात फक्त मशिदीतल्या पेटीचा उल्लेख आहे, म्हणून मी, तुमची आजी, हे लिहायला बसले.

जकात म्हणजे दरवर्षी द्यायलाच हवं असं दान, ती ठरलेली असते. सदका आपल्या खुशीने द्यायचा, त्याला माप नाही, आणि तो पैशांचाच असावा असंही नाही. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना अम्मा म्हणायचो, राहुरीच्या रस्त्यावर ट्रॉलीतून पडलेलं उसाचं कांडं दिसलं की पायाने कडेला सारायच्या. सायकलवाला घसरू नये म्हणून. आणि घरातली वस्तू मागायला आलेल्याला त्या कधी 'नाही' म्हणत नसत. खलबत्ता, मोठं पातेलं, शेक घ्यायची पिशवी, सगळं गल्लीभर फिरत असे.

मला हे जमत नव्हतं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, हायस्कूलमध्ये शिकवणारी. वस्तू जिथल्या तिथे लागायची. मी सगळ्या भांड्यांवर नावं घालून घेतली, तेव्हा अम्मा हसल्या. "दुल्हन, नाव घातलं म्हंजी भांडं चालत घरी येतंय व्हय?"

सगळ्यात जास्त फिरायचं ते शेवयांचं मशीन. बाजेच्या कडेला स्क्रूने आवळायचं, वरून पीठ घालायचं आणि हँडल फिरवायचं. एका उन्हाळ्यात ते वाळलेल्या पिठासकट परत आलं. चकतीच्या एकेका भोकातलं पीठ मी दोन दिवस सुईने काढलं, तेल लावलं आणि जुन्या साडीत गुंडाळून बाजेखाली ठेवलं. दुसऱ्याच सकाळी समोरची वहिनी आली. माझ्याच वयाची ती. त्यांच्या म्हशींचंच दूध आम्ही घ्यायचो.

"भाभी, मशीन देता का? नणंदेच्या रुखवताच्या शेवया करायच्यात. दोन दिवसांत आनून देते."

"घरात नाही," मी म्हणाले. "कुणीतरी नेलंय."

तिने बाजेखाली पाहिलं. साडीतून हँडल बाहेर आलं होतं. "असू द्या," ती म्हणाली आणि पायरी उतरली.

आतल्या खोलीत अम्मा नमाज पढत होत्या. शेवटचा सलाम फेरून त्यांनी जानमाजची, नमाजाच्या चटईची, घडी घातली, बाजेखालचं मशीन उचललं आणि समोर गेल्या. थोड्या वेळाने मशीनसकट परत आल्या.

"न्हाई घेतलं तिनं. पाटावर हातानं वळते म्हनाली."

मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्या पाण्याचा तांब्या घेऊन खाली टेकल्या.

"आता तू कितीबी दिलंस तरी भागायचं न्हाई, दुल्हन. तुला तिच्याकडं मागावं लागंल."

"मी? काय मागू?"

"काय बी. मीठ माग. तिच्या दारात हात पसरून हुभी ऱ्हा एकदा. मग ती येईल."

"मागेन," मी म्हणाले. मागितलं नाही.

लग्नात तिचं रुखवत पाहिलं. शेवया केसासारख्या बारीक होत्या. ती पाहुण्यांना सरबत देत होती आणि तिची बोटं सुजलेली होती.

आमचं बोलणंचालणं थांबलं नाही. दिवाळीला तिचं ताट यायचं, ईदला आमचा शीरखुर्मा जायचा. तिचे मालक आजारी होते तेव्हा मी महिनाभर डबा पाठवला. डबा रिकामा कधी परत आला नाही, शेंगा तरी असायच्याच. मात्र आमच्या दारात येऊन तिने पुन्हा काहीही मागितलं नाही. चमचाभर जिरंसुद्धा नाही.

अम्मा नमाजात नेहमी कुरआनातली एक छोटी सूरह म्हणायच्या. मलाही ती लहानपणापासून पाठ होती, पण तिचा अर्थ मी पहिल्यांदा इंग्रजी तर्जुम्यात वाचला. नमाज पढूनही रोजच्या वापरातल्या साध्या वस्तू दुसऱ्याला द्यायला जे नाकारतात, त्यांच्याबद्दल तिच्यात कडक शब्द आहेत. अम्मांना हा अर्थ ठाऊक होता का, हे विचारायचं राहून गेलं. तोवर त्या नव्हत्या.

आता कुणीच कुणाकडे काही मागत नाही. प्रत्येक घरात मिक्सर आहे, शेवया पाकिटात मिळतात. माझ्या घरात सगळ्या वस्तू जिथल्या तिथे असतात. हलवायलाच कुणी नाही. दुपारी दारावर थाप पडावी आणि कुणीतरी "हाय का घरात?" म्हणावं, असं फार वाटतं. पण येतो तो कुरिअरवाला.

यंदा रमजानमध्ये एका दुपारी माझं दही नासलं. दुकानातून पाकीट मागवायला फोन हातात घेतला आणि परत ठेवला. वाटी घेऊन समोर गेले. वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होती. मुलं पुण्याला, गोठ्यात एकच म्हैस उरलेली.

"वहिनी, थोडं विरजण आहे का?"

"तुमच्याकडं न्हाई?"

"नाही."

तिने चष्म्यावरून पाहिलं. "खरंच न्हाई?"

"खरंच नाही," मी म्हणाले. "मशीन मात्र त्या वेळी होतं."

तिने तांदळातला एक खडा वेचून टाकला. मग गुडघ्यावर हात देऊन उठली. "एवढा रस्ता वलांडायला चाळीस वर्सं लागली व्हय, भाभी? बसा. रोजा हाय तुमचा, च्या इचारत न्हाई." आणि वाटी काठोकाठ भरून दिली.

"अहो, चमचाभर पुरतं."

"न्या हो. वाईच जास्त झालं तर काय बिघडतंय?"

तेव्हापासून मी जाते. कधी कढीपत्ता, कधी भाजणी. एकदा घट्ट बसलेलं बरणीचं झाकण उघडून घ्यायला गेले, तिच्या हातात अजून जोर आहे. तिने मात्र अजून काही मागितलेलं नाही. काल निघताना मीच म्हणाले, "तुम्हाला काही लागलं तर..."

"सांगीन की," ती म्हणाली. "घाई हाय का तुमाला?"

घाई आहे. आम्ही दोघी पंच्याहत्तरीच्या पुढे गेलोय. पण हे तिला तोंडावर सांगता आलं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.