पहिलं नको

आमच्या भागात पहिलं ‘नको’ कुणी धरतच नाही. पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरून ‘नको, नको, पोट भरलं’ म्हणायचं आणि आम्ही त्या बोटांच्या फटीतून आमटी वाढायची, हा आमचा रिवाज. दुसऱ्या ‘नको’ला हसायचं. तिसरं जरा चेहरा बघून ऐकायचं. लग्न होऊन पलूसजवळच्या या गावात आले तेव्हा आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं. शेजारच्या काकू चहा नको म्हणाल्या आणि मी खरंच चहा ठेवला नाही. त्या गेल्यावर आत्ती म्हणाल्या, “अगं, नको म्हनायचं आसतंय मानसानं. आपुन ऐकायचं नसतंय.” मग मी त्यात अशी पटाईत झाले की आता नणंदेचा नवरा आमच्याकडं जेवायला यायलाच घाबरतो.

आणि एवढी पटाईत मी, आत्तींचं पहिलंच ‘नको’ खरं धरून मोकळी झाले.

तीन वर्षांपूर्वीची दिवाळी. भाऊबीज झाली की मालवणला जायचं असं आम्ही दसऱ्याच्या आधीच ठरवलं होतं. मी शाळेत शिकवते, त्यामुळं मला प्रत्येक गोष्टीचं वेळापत्रक लागतं. किती वाजता निघायचं, नाष्टा कुठं करायचा, किल्ल्यावर कधी जायचं, कोण खिडकीत बसणार, सगळं मी लिहून काढलं. मध्ये कुणी नाक खुपसलं की माझं डोकं सटकायचं. नवरा म्हणायचा, “बाई, सुट्टीला चाललोय, परीक्षेला नाही.” त्याला मी भीक घातली नाही.

गाडी त्याच्या मित्राची मिळाली, सात सीटची. नवरा, मी आणि आमची दोन मुलं मिळून चार. फलटणची नणंद, तिचा नवरा आणि सहा वर्षांची मुलगी मिळून तीन. सात सीट, सात माणसं. हिशोब असा चपखल बसला की मला कोण आनंद झाला.

आत्ती त्या सातांत नव्हत्या. हे मी मुद्दाम केलं का? नाही म्हणायला जीभ धजावत नाही. आत्तींनी मला कधी जाच केला नाही, उगाच कशाला खोटं बोलू? पण चार दिवस मला सासूच्या नजरेबाहेर हवे होते. ओढणी न घेता वाळूत फतकल मारून बसायचं होतं, उशिरा उठायचं होतं. एवढंच. आता लिहिताना ते फारच एवढंसं वाटतं.

आत्ती आटपाडीकडच्या. माहेरी मेंढरं होती. लहानपणी पाण्यासाठी कुठं कुठं पायपीट केली ते त्या अजून सांगतात. संध्याकाळी आम्ही फोनवर मालवणच्या खोल्यांचे फोटो बघत बसलो की त्या शेजारी शेंगा फोडत बसायच्या आणि मध्येच काहीतरी विचारायच्या.

“समिंदर दिसातनं दोनदा मागं सरतोय म्हनं. मग ते पानी जातंय कुठं?”

“येतंय परत, आत्ती.”

“आन् एवढ्या पान्यातलं घोटभर बी प्यायला ईत न्हाई? आगं बाई!”

एकदा त्यांनी विचारलं, “तितं बायका लुगडं नेसून जात्यात का गं पान्यात?” मी फोनमधून मानही वर न काढता म्हणाले, “तुम्हाला काय करायचंय?” माझा मुलगा फिसकन हसला. आत्तीही हसल्या. शेंगा फोडायच्या थांबल्या नाहीत.

निघायच्या दोन दिवस आधी मी बॅगा भरत होते. आत्ती चौकटीत येऊन उभ्या राहिल्या. विचारायला तर हवंच, म्हणून मी विचारलं. कसं विचारलं ते ऐका.

“आत्ती, तुम्ही नाही ना येणार? घाट लई वळणाचा हाय, तुम्हाला गाडी लागंल. आणि म्हशीचं कोण बघणार?”

ही बाई एसटीच्या अगदी मागच्या सीटवर बसून आटपाडीला जायची. तिला गाडी लागलेली मी एकदाही बघितली नव्हती.

त्या म्हणाल्या, “नको गं. मी कुठं येती. म्हशीचं कोन बगनार?”

माझेच शब्द त्यांनी मला परत दिले. मग चौकटीला हात लावून थोडा वेळ तिथंच उभ्या राहिल्या. ते उभं राहणं मला चांगलं ओळखता येतं. चहा नको म्हणून दारात रेंगाळणारी बाई अशीच उभी असते. तेव्हा ‘असं कसं, बसा की’ म्हणायचं असतं. मी मुलांच्या चड्ड्या मोजत होते. वर बघितलंच नाही. त्या गोठ्याकडं गेल्या.

फोंडा घाटात गाडी लागली ती मला. दोनदा थांबावं लागलं. नणंदेची पोरगी मागं एकटी बसेना, ती साऱ्या वाटेवर आईच्या मांडीवर होती. तिच्या रिकाम्या सीटवर चकल्यांचा डबा बसून मालवणला गेला. चकल्या आत्तींनीच तळून दिल्या होत्या. हे तेव्हा माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

मालवणला मजा आली. आली नाही असं म्हटलं तर खोटं होईल. दुसऱ्या दिवशी मुलानं समुद्रावरून आजीला व्हिडिओ कॉल लावला. आत्ती पडद्याला नाक लावून बघत होत्या.

“कड दिसंना गं. फोन जरा तिकडं फिरीव.”

मुलानं फोन फिरवला.

“पल्याडची कड कुटं हाय?”

“पल्याडची कड नसते, आत्ती,” मी म्हणाले, “नुसतं पाणीच.”

“आसं कसं?” त्या म्हणाल्या. तेवढ्यात मुलांना होडीत बसायची घाई झाली. मी ‘नंतर लावते’ म्हणून फोन ठेवला. नंतर लावला नाही.

घरी आल्यावर मी शेजारच्या काकूंकडं मालवणचा गोड खाजा घेऊन गेले. त्यांनी तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, “तुमच्या आत्ती बी कसल्या वो! आमाला नवरात्राचं घट बसलं तवाच सांगून ठेवलं हुतं, चार दिस म्हशीची धार तुमी काडा, आमी समिंदर बगाय जानार. नवं लुगडं बी काडलं हुतं. आन् निगायच्या दोन दिस आदी आल्या, म्हनल्या, ऱ्हाऊ द्या, मी न्हाई जात. म्या म्हनलं, का वो? तर म्हनत्यात, सून लय मागं लागलीया, दोनदा तीनदा म्हनली चला चला, पर माजंच मन घेईना.”

दोनदा तीनदा! जेवढा आग्रह मी करायला हवा होता, तेवढा आत्तींनी माझ्या नावावर गल्लीत सांगून टाकला होता. सुनेला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून.

तुम्हाला वाटेल मी तशीच धावत जाऊन त्यांचे पाय धरले. छे! मला आधी रागच आला. सरळ तोंडानं ‘मला यायचंय’ म्हणायला काय होत होतं यांना? घरी जाऊन मी भांडी आदळली. आत्ती म्हशीपुढं वैरण टाकत होत्या. “दमलीस व्हय? च्या टाकू?” त्यांनी विचारलं. मी ‘नको’ म्हणाले. त्यांनी चहा टाकला. तो पिताना मला लाज वाटली. त्या दिवशी बोलायला हवं होतं. तेव्हा लगेच बोलले असते तर पुढच्या सुट्टीत आम्ही त्यांना उचलून नेलं असतं, आणि त्याही आल्या असत्या. मी गप्प बसले, आणि गप्प बसण्यात तीन वर्षं गेली.

उन्हाळ्यात म्हैस विकली. आत्तींनाच शेणघाण होईना. यंदाच्या दिवाळीत पुन्हा मालवणचं निघालं. नणंद येणार नाही म्हणाली. गाडी तीच सात सीटची, म्हणजे तीन जागा रिकाम्या. या वेळी मी वेळापत्रक केलं नाही. आधी आत्तींकडं गेले. त्या पायरीवर बसून लसूण सोलत होत्या.

“आत्ती, यंदा तुम्ही यायचंच.”

“नको गं.”

हे पहिलं. मी ते धरलंच नाही. “असं कसं नको? आता म्हैसबी नाही. कुणाची धार काढायचीय?”

“नको म्हनती न्हवं.”

हे दुसरं. मी हसले, शिकवल्याप्रमाणं. त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि लसणाचा वास येणारा त्यांचा हात हातात घेतला. “चला की वो आत्ती. तुम्हाला पुढं खिडकीत बसवते. पाणी मागं जातं ते बघू. मी धरते तुम्हाला पाण्यात. लुगडं नेसूनच जाऊ. चला.”

त्यांनी हात काढून घेतला नाही. दुसऱ्या हातानं माझ्या हातावर थोपटलं. तिसरं ‘नको’ चेहरा बघून ऐकायचं असतं, म्हणून मी नीट बघितलं. रुसवा कुठंच नव्हता. रुसवा असता तर मी तो काढला असता, दिवसभर बसून काढला असता.

“नको, पोरी,” आत्ती म्हणाल्या, “मला गाडी लागती.”